शर्यत आणि शर्त : मुरुडच्या ओल्या वाळूवरून

मुरुडच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली, की समुद्र जमिनीला काही तासांपुरती एक सडक उसनी देतो. वरच्या अंगाची, सुरूच्या झाडांलगतची वाळू कोरडी आणि भुसभुशीत असते. तीत पाऊल रुतते, चाक तर बसूनच जाते. पाण्याच्या अगदी कडेची वाळू लाटेगणिक सैल होत असते. या दोहोंच्या मधोमध मात्र नुकत्याच ओसरलेल्या पाण्याने घट्ट केलेला एक पट्टा उरतो. वाळूच्या कणांच्या फटींत राहिलेले थोडके पाणी त्या कणांना एकमेकांशी बांधून ठेवते. पाणी फार झाले तरी ही बांधणी सुटते आणि अगदी आटले तरी सुटते. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबाग आणि मुरुड या तालुक्यांत, बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती होतात त्या या पट्ट्यावर. समोर पाण्यात पद्मदुर्गाची काळसर तटबंदी, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि मध्ये दोन्ही बाजूंना दाटलेली माणसे, असा तो देखावा असतो.

साहित्याच्या चर्चेला वाहिलेल्या या ठिकाणी बैलगाडीच्या शर्यतीचे काय काम, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर एका शब्दापासून सुरू होते, आणि तो शब्द म्हणजे 'शर्यत'.

आपण हा शब्द धावण्याच्या चुरशीसाठी वापरतो. पण त्याचे मूळ अरबी 'शर्त' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ 'अट' असा आहे. त्याच घराण्यातला 'शर्थ' हा शब्द आपण पराकाष्ठेच्या प्रयत्नासाठी राखून ठेवला, आणि 'शर्त' सरकारी कागदावर 'अटी व शर्ती' या जोडीत नांदत राहिली. 'पैज' या शब्दाची गोष्टही दूरची नाही. तो संस्कृत 'प्रतिज्ञा' या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने मराठीत आला. म्हणजे पळण्याच्या खेळाला नाव देताना आपल्या भाषेने वेगाकडे पाहिलेच नाही; तिने करार पाहिला. नुसते पळणे म्हणजे शर्यत नव्हे. कोठून सुटायचे, कोठे पोहोचायचे, काय केले तर बाद व्हायचे आणि हे सारे कोणी ठरवायचे, हे आधी कबूल करून पळणे म्हणजे शर्यत. या दृष्टीने शर्यतीचा इतिहास हा वेगाचा नसून अटींचा इतिहास ठरतो, आणि त्यात विचारण्यासारखा प्रश्न एकच : या अटी कोणासाठी लिहिल्या गेल्या? धन्यासाठी, प्रेक्षकासाठी, की पळणाऱ्यासाठी? प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा माग काढणार आहोत.

*

किनाऱ्यावरच्या शर्यतीची पहिली अट समुद्र घालतो, माणूस नव्हे. कोकणात एक जुना आडाखा आहे : तिथीच्या पाऊणपटीला भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून भर दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आगेमागे भरती, म्हणून ओहोटी सायंकाळी पाचनंतर. आडाखा ढोबळ आहे. पण बैल जुंपायचे केव्हा, हे तो पंचांगाच्या आधाराने सांगून टाकतो. संयोजकांचे भाषण लांबले, पाहुणे उशिरा आले, म्हणून समुद्र थांबत नाही.

नेमकी हीच अट दुसऱ्या एका किनाऱ्यावरच्या शर्यतीलाही होती, आणि तिची कथा आपल्या कथेशी ताडून पाहण्याजोगी आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डेटोना बीच येथे ओहोटीला उघडी पडणारी वाळू इतकी टणक असे, की विसाव्या शतकाच्या आरंभापासून मोटारींच्या वेगाचे विक्रम तेथे होत. १९३५मध्ये माल्कम कॅम्बेल याने ताशी २७६ मैलांचा वेग गाठला, तो याच वाळूवर. पुढच्या वर्षी, मार्च १९३६मध्ये, तेथे एका निराळ्याच शर्यतीचा घाट घातला गेला. अर्धा मार्ग वाळूवरून आणि अर्धा लगतच्या डांबरी रस्त्यावरून जाई. गाड्या खास शर्यतीसाठी घडवलेल्या नव्हत्या, तर दुकानातून विकत घ्याव्यात तशा, रोजच्या वापरातल्या होत्या. अशा गाडीला तेथे 'स्टॉक कार' म्हणतात. 'स्टॉक' म्हणजे विक्रेत्याच्या साठ्यात असलेली, जशी आली तशी, काही फेरबदल न केलेली गाडी. रस्ता सोडून वाळूवर उतरण्याची वळणे गाड्यांच्या चाकांनी इतकी उखणली, की ती शर्यत ठरल्या अंतरापूर्वीच थांबवावी लागली. वाळू ही शर्यतीची भूमी असली तरी ती कोणाच्या मालकीची नसते, हा धडा तेथे पहिल्याच वर्षी मिळाला.

त्या शर्यतीत भाग घेणाऱ्यांत बिल फ्रान्स नावाचा मोटार दुरुस्त करणारा एक तरुण होता. पुढे त्याने अशा शर्यती स्वतः भरवल्या. डिसेंबर १९४७मध्ये डेटोना बीच येथील एका हॉटेलच्या गच्चीवरच्या दालनात त्याने मालक, चालक आणि संयोजक यांना एकत्र बसवले, आणि फेब्रुवारी १९४८मध्ये 'नॅसकार' ही संस्था रीतसर स्थापन झाली. गाड्या तर त्याआधीही पळत होत्या. या बैठकीने जे निर्माण केले ते पळणे नव्हे, तर शर्त होती : सर्वांना बांधणारी एकच नियमावली.

त्या नियमावलीची कसोटी लवकरच लागली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे 'काटेकोर स्टॉक' गाड्यांची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे सर्वांच्या पुढे आला. तपासणीत आढळले, की त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा मुद्दाम ताठ केलेल्या होत्या. ती गाडी चोरटी दारू वाहण्याच्या कामातली होती. भरल्या ओझ्याने गाडीचा मागचा भाग दबू नये, वळणावर ती डगमगू नये, म्हणून हा उपाय त्या धंद्यात सर्रास करीत. डनवे बाद झाला आणि जिम रोपर याला विजयी घोषित करण्यात आले. गाडीच्या मालकाने न्यायालयात धाव घेतली; न्यायालयाने संस्थेचा नियम करण्याचा आणि तो लागू करण्याचा अधिकार मान्य केला.

या प्रसंगात विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. ती गाडी खोटी नव्हती. उलट ती आपल्या रोजच्या कामासाठी अगदी योग्य अशी घडवलेली होती. शर्यतीची अट मात्र अशी, की रोजचे साधन आणावे, पण सर्वांचे साधन सारखे असावे. या दोन मागण्या एकमेकींशी भांडतात. कामाचे साधन शर्यतीत उतरले, की ते हळूहळू कामाचे राहत नाही. आज 'स्टॉक कार' म्हणून जी गाडी धावते, तिचे विक्रेत्याच्या दुकानातल्या गाडीशी बाह्य रूपाचे तेवढे साम्य उरले आहे. आतून ती शर्यतीसाठीच बांधलेली असते. नाव राहिले, अर्थ ओसरला. बैलाच्या बाबतीत काय झाले, ते आता पाहू.

*

बैल हा आपला 'स्टॉक' होता. नांगराला, मोटेला, मळणीला, गाडीला तोच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या खांद्याला हळद आणि तूप चोळण्याची रीत आहे. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवले, त्याची ती परतफेड. शेतीची कामे उरकली, जत्रा-उरूस सुरू झाले, की हाच बैल एका दिवसासाठी वेगळ्या कामाला जुंपला जाई. मराठी मुलखात या खेळाची रूपे प्रदेशागणिक बदलतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत, चढाच्या धावपट्टीला 'घाट' म्हणतात. तेथे गाडा एकेकटा सुटतो, पुढे घोडी धावते, आणि निकाल घड्याळावर लागतो. सातारा-सांगलीकडे सपाट माळावर अनेक गाड्या शेजारीशेजारी आपापल्या चाकोरीतून सुटतात आणि गटागटांतून अंतिम फेरी ठरते. विदर्भात याच खेळाला 'शंकरपट' हे सुंदर नाव आहे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट विख्यात आहे. कोकणात डोंगर आणि खाचरे यांच्यामध्ये लांब सपाट जमीन दुर्मीळ, म्हणून समुद्राने दिलेली वाळू.

ठिकठिकाणच्या या रीतींतले नियम पाहिले, तर ते सारे एकाच चिंतेतून आलेले दिसतात : दोन धन्यांत अन्याय होऊ नये. आधी कोण सुटला, चाकोरी कोणी ओलांडली, बैल कोणत्या वयाचा, निशाणाला प्रथम जू लागले की चाक. गावाच्या नाकाचा प्रश्न असल्याने या नियमांवरून हमरीतुमरी व्हायची, आणि मराठी कलाकृतींनी हे नाट्य अचूक हेरले आहे. अनंत माने यांच्या १९५९च्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटात साऱ्या सूडकथेची ठिणगी पडते ती बैलगाडीच्या शर्यतीत. हरलेला पाटील आपली हार पचवू शकत नाही, आणि तेथून एका कुटुंबाचा सर्वनाश सुरू होतो. व्यंकटेश माडगूळकरांनी पटकथा लिहिलेल्या त्या चित्रपटात शर्यत ही करमणूक नाही. गावातली सत्ता ज्या एकाच दिवशी उलटी होऊ शकते, तो दिवस आहे. अट मानण्याची तयारी नसलेल्या माणसाने शर्यतीत उतरावे आणि अट मोडता येत नाही म्हणून जीवनच मोडावे, असा तो प्रकार आहे.

हे नाट्य फार जुने आहे. 'इलियड'च्या तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर रथांची शर्यत होते. म्हातारा नेस्टर आपल्या मुलाला, अँटिलोकसला, शर्यतीच्या दिवशीचा उपदेश करतो : तुझे घोडे मंद आहेत, तेव्हा बुद्धीने जिंक, वळणाच्या खांबाला डावा घोडा अगदी लगटून ने, उजव्याला सैल सोड, मात्र दगडाला चाक लागू देऊ नकोस. अकिलीसने त्या वळणावर वृद्ध फीनिक्सला पंच म्हणून बसवलेले असते. अँटिलोकस पुढे पावसाने खचलेल्या एका अरुंद जागी मेनेलाउसचा रथ रेटून मागे टाकतो. बक्षिसे वाटताना मेनेलाउस उभा राहतो आणि म्हणतो, की घोड्यांपुढे उभा राहा, चाबूक हाती धर, घोड्यांना हात लाव आणि शपथ घे, की तू कपटाने माझा रथ अडवला नाहीस. तरुण शपथ घेत नाही. बक्षिसाची घोडी परत करतो. नियम मोडल्याचा निवाडा येथे शपथेने होतो. आमच्या लक्षात राहते ते एवढे, की शपथेसाठी घोड्याला हात लावावा लागतो, पण घोड्याचे काय झाले हे कोणी विचारीत नाही.

आपल्या परंपरेत मात्र हा प्रश्न विचारल्याची एक विलक्षण जागा आहे. वैदिक भाषेत 'आजि' हा शब्द शर्यत आणि युद्ध या दोन्हींना चालतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२व्या सूक्तात मुद्गलाच्या बैलाची कथा आहे. बैलाच्या जोडीला जोडीदार म्हणून लाकडी 'द्रुघण' जुंपलेला, रथ हाकायला मुद्गलानी, आणि जिंकून आणलेल्या हजार गाई. ती शर्यत होती की गोधनासाठीची झुंज, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. 'आजि' या शब्दाचाच तो दुहेरी अर्थ आहे. वाजपेय यज्ञात सतरा रथांची शर्यत असते, पण तिथे यजमानच जिंकणार हे आधीच ठरलेले असते. ज्या शर्यतीचा निकाल अटीतच लिहिलेला आहे, ती शर्यत न राहता विधी होते.

परंतु आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ऐतरेय ब्राह्मणातील देवांच्या शर्यतीची कथा. अग्नी खेचरांच्या रथाने धावला, उषा तांबूस गाईंच्या, इंद्र घोड्यांच्या आणि अश्विनीकुमार गाढवांच्या. अश्विनीकुमार जिंकले. पण कथा तेथे संपत नाही. अग्नीने धावताना खेचरांची गर्भाशये जाळली, म्हणून त्यांना गर्भ राहत नाही. अश्विनांनी गाढवांचा वेग धावून धावून संपवला, म्हणून ते वाहनांत सर्वांत मंद ठरले. कथा कारणे सांगणारी आहे. प्राणी असे का, याचे स्पष्टीकरण देणारी. तरी तिच्यातला विचार चुकवता येत नाही : विजय देवाचा, किंमत जनावराची, आणि ती किंमत पिढ्यान्‌पिढ्या चालणारी. जिंकणाऱ्याचे नाव सांगून न थांबता जनावराच्या देहात काय उरले याचा हिशेब मांडणारा हा मजकूर, आमच्या मते, आजच्या वादाचा सर्वांत जुना पूर्वज आहे.

*

आता त्या वादाकडे वळू. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६०चा. त्याच्या कलम २२ खाली काही प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांच्या यादीत ११ जुलै २०११च्या अधिसूचनेने बैलाची भर पडली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोन्हींना मनाई करणारा निकाल दिला. त्या निकालातील युक्तिवाद असा, की बैलाची शरीररचना ओझे ओढण्याची आहे, घोड्यासारखी दौडण्याची नाही. तो शर्यतीत पळतो तो भीतीने किंवा वेदनेने, हौसेने नव्हे. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने अटींसह सूट दिली. पाचच दिवसांनी न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७मध्ये तमिळनाडूतील प्रचंड आंदोलनानंतर त्या राज्याने, आणि मागोमाग कर्नाटक व महाराष्ट्र यांनी, मूळ कायद्यात राज्यापुरत्या दुरुस्त्या केल्या. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील परवानग्यांना मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने शर्यती पुन्हा सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

हा तपशील आम्ही दिला तो कोण जिंकले हे सांगण्यासाठी नव्हे. महत्त्वाचे आहे ते या बारा वर्षांत शर्तीचे रूप कसे पालटले ते. २०१७च्या दुरुस्तीबरोबर आलेल्या नियमांत धन्याधन्यांमधल्या न्यायाविषयी जवळजवळ काही नाही. ते सांगतात : जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी हवी, बैल सुदृढ असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा, धावपट्टी १००० मीटरांपेक्षा लांब नको, गाडीवानाने काठी, चाबूक, टोचणी किंवा विजेचा झटका देणारे साधन बाळगू नये, शेपूट पिरगाळू नये. अटींचा भंग करून बैलाला इजा केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास. अँटिलोकसची शपथ मेनेलाउससाठी होती. हे नियम बैलासाठी आहेत. शर्यतीच्या दीर्घ इतिहासात जो पळतो त्याच्या वतीने शर्त लिहिली गेल्याचा हा दुर्मीळ क्षण आहे, आणि त्याला कारण झाले ते ज्यांना शर्यत नकोच होती त्यांचे न्यायालयातले भांडण. शर्यतीच्या चाहत्यांनी हे ऋण मोकळ्या मनाने मान्य करावे, असे आम्हाला वाटते.

मात्र विरोधकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शर्यतीचे समर्थक म्हणतात, की शर्यती बंद पडल्या तर खिलारसारख्या चपळ जातींचे गोऱ्हे कोणी वाढवणार नाही. ट्रॅक्टर आल्यापासून नांगराला त्यांची गरज उरलेली नाही. हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्याचा अर्थ काय, तेही पाहिले पाहिजे. त्याचा अर्थ असा, की आता बैल कामातून सुटी घेऊन शर्यतीला येत नाही. शर्यत हेच त्याचे काम झाले आहे. डेटोनाच्या गाडीचे जे झाले तेच याचे झाले. 'स्टॉक' संपला. शेतकऱ्याचा बैल जत्रेत पळे तेव्हा धन्याला दुसऱ्या दिवशी त्याच बैलाकडून नांगरट करून घ्यायची असे, आणि हीच गरज त्याच्या हातातल्या आसुडाला लगाम घाली. तो लगाम गेला. म्हणून लिखित नियमांची आवश्यकता पूर्वीपेक्षा आज अधिक आहे. जुनी परंपरा आहे, म्हणून नियम नकोत, हे म्हणणे उलटे आहे. परंपरेला आतून सावरणारी परिस्थिती बदलली, म्हणून नियम हवेत.

*

उरला तो प्रेक्षक. नियमांच्या इतिहासात तो उशिरा आला, आणि बहुधा स्वतःच्या मृत्यूने आला. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे शर्यतीतली एक मोटार उडून गर्दीत पडली आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक दगावले. स्वित्झर्लंडने त्यानंतर अशा शर्यतींवर बंदीच घातली. बैलगाडीचा वेग मोटारीएवढा नसला, तरी तिला कठडा नसतो, आणि बिथरलेल्या जोडीला आवर घालणारे साधन म्हणजे एक कासरा. म्हणून मुरुडला किंवा आसपासच्या किनाऱ्यावर शर्यत पाहायला जाणाऱ्या वाचकांसाठी नेस्टरच्या परंपरेतला थोडा उपदेश येथे करणे अस्थानी होणार नाही.

पंचांग पाहून जावे. ओहोटीच्या वेळेआधी तासभर पोहोचावे, म्हणजे गर्दी होण्यापूर्वी जागा निवडता येते. उभे राहायचे ते वरच्या अंगाला, कोरड्या वाळूवर. भुसभुशीत वाळूत चाक मंदावते, म्हणून भरकटलेली गाडी तेथे लवकर थांबते. पाण्याच्या बाजूला उभे राहू नये. एकीकडे गाडी आणि दुसरीकडे समुद्र अशी कोंडी होते. निशाणाच्या पलीकडे, गाड्या थांबतात त्या टोकाला, दृश्य चांगले दिसते म्हणून लोक दाटी करतात. पण रेषा ओलांडल्यावर बैल लगेच थांबत नाहीत, तेव्हा ती जागा सर्वांत धोक्याची. दोर बांधलेला असेल तर त्याच्या आत पाऊल टाकू नये. दोर नसेल तर मुलांचा हात सोडू नये. गाडी पुढे गेली की तिच्यामागे धावण्याचा मोह अनेकांना होतो. मागून दुसरी जोडी येत असते. छत्री एकदम उघडू नये, फटाके वाजवू नयेत, भ्रमणध्वनीवर चित्रण करण्यासाठी मार्गात वाकू नये. जुंपण्यापूर्वी बैलाजवळ जाऊन त्याला हात लावायचा असेल, तर धन्याला विचारावे, आणि मागून जाऊ नये. भरती फिरली की आवरते घ्यावे. ओला पट्टा पाहता पाहता अरुंद होतो आणि गर्दी व गाड्या यांमधले अंतर त्याबरोबर कमी होते.

डेटोनाची एक गोष्ट येथे आठवते. तिकीट न काढता वाळूच्या टेकाडांवरून आत शिरणाऱ्या प्रेक्षकांना रोखण्यासाठी बिल फ्रान्सने तेथे 'विषारी सापांपासून सावध' अशा पाट्या लावल्या होत्या, असे सांगतात. चाहत्याला नियम पाळायला लावणे हे चालकाला लावण्याइतकेच कठीण, हे त्या धूर्त माणसाला कळले होते.

निकालाच्या वेळी संयम ठेवावा. १९५९च्या पहिल्या 'डेटोना ५००' शर्यतीत, जी वाळू सोडून नव्या बांधीव मार्गावर झाली, रेषेवर दोन गाड्या जवळपास एकत्र आल्या. आधी एकाला विजयी म्हटले गेले आणि छायाचित्रे व चित्रफिती तपासून तीन दिवसांनी ली पेटी विजयी ठरला. 'इलियड'मध्येही पुढे कोणाचा रथ आहे यावरून दोन प्रेक्षक, आयडोमेनियस आणि धाकटा अजॅक्स, गुद्द्यांवर येण्याच्या बेतात असतात, आणि अकिलीस त्यांना सुनावतो, की गप्प बसा, रथ येतीलच, मग सर्वांना दिसेल. तीन हजार वर्षांच्या अनुभवाचे सार एवढेच, की डोळ्यांना वाटते ते पंचाला दिसलेच असेल असे नाही, आणि पंचाला विचारण्याची जागा वाळू नव्हे.

आणि शेवटची सूचना, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. काठी, चाबूक, टोचणी यांना मनाई आहे, हे आता प्रत्येक गाडीवानाला ठाऊक आहे. ती अट मोडली जाते ती बहुधा शेवटच्या शंभर पावलांत, जेव्हा दोन जोड्या बरोबरीने येतात आणि दोन्ही बाजूंची गर्दी ओरडू लागते. तेथे पशुवैद्यक नसतो, जिल्हाधिकारी नसतात. असतो तो फक्त प्रेक्षक. त्या क्षणी उगारलेल्या हातावर आरोळी उठते की सन्नाटा पडतो, यावर पुढच्या गाडीवानाचे वर्तन ठरते. बक्षीस संयोजक देतात, पण वाहवा आपण देतो, आणि वाहवा हीच तेथली खरी कमाई असते. न्यायालयाने घातलेली शर्त वाळूवर अमलात आणण्याचे काम अशा रीतीने आपल्या गळ्याकडे आलेले आहे. शेपूट पिरगाळून जिंकलेल्या जोडीला टाळी न देणारे पन्नास लोक किनाऱ्यावर असतील, तर नियमपुस्तिकेला जे जमले नाही ते जमेल.

या शर्यती असाव्यात की नसाव्यात, याबद्दल आमच्यात आजही एकमत नाही, आणि या लेखाने ते करावे अशी अपेक्षाही नाही. बैल हौसेने पळतो असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, की मग टोचणी लागत का होती? तो केवळ भीतीनेच पळतो असे म्हणणाऱ्यांना विचारतो, की त्याच्या खांद्याला हळद-तूप लावणारा हात तुम्ही हिशेबात धरला का? दोन्ही प्रश्न खरे आहेत. घटनापीठाच्या निकालाने कायद्याचा प्रश्न मिटला. जनावराच्या देहात काय उरते, हा ऐतरेय ब्राह्मणाचा प्रश्न त्याने मिटलेला नाही. तो प्रत्येक शर्यतीच्या दिवशी नव्याने उभा राहतो.

संध्याकाळी भरती चढते. चाकांच्या लोखंडी पट्टीला आपल्या भाषेत 'धाव' म्हणतात. तिने ओल्या वाळूत उमटवलेल्या समांतर रेघा, त्यांच्यामधले खुरांचे ठसे आणि दोन्ही अंगांना तुडवली गेलेली वाळू, हे सारे लाटा पुसत जातात. कोण पुढे होता याचा पुरावा उरत नाही. दुसऱ्या दिवशी गोठ्यात बैल कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे, एवढाच पुरावा उरतो. ज्याला शर्यत कळली असे म्हणायचे, त्याने तो पाहायला जावे.